डेटाबेसच्या खात्यातून रूटपर्यंत जाणारी वाट कशी बंद करावी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा बिलांचा सर्व्हर बघायला गेलो होतो. लिनक्सवर मायएसक्यूएल हा डेटाबेस. फाइलींचे मालक दाखवणारी 'एलएस -एल' ही कमांड मारून पाहिलं, तर माय डॉट सीएनएफ या सेटिंगच्या फाइलचा मालक 'मायएसक्यूएल' हे खातंच. कधीतरी परवानगीची एरर आली असणार आणि कुणीतरी मालक बदलणारी 'चोन' ही कमांड मारून काम भागवलं असणार. मला धडकीच भरली.

डेटाबेस साध्या खात्यावर चालतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याला सुरू करणारी 'मायएसक्यूएलडी_सेफ' ही स्क्रिप्ट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, म्हणून चालते आणि तीच फाइल वाचते. म्हणजे गोदामवाल्याच्या हातात मालकाच्या सहीचे कोरे चेक! डेटाबेसमध्ये घुसलेल्याने फाइलमध्ये एक ओळ घातली, की जुन्या आवृत्त्यांत पुढच्या रीस्टार्टला त्याची लायब्ररी, म्हणजे त्याने आणलेला कोड, रूटच्या ताकदीने चालते. 2016 मध्ये सुरक्षा संशोधक दाविद गोलुन्स्की यांनी हेच उघड केलं, 5.5.52, 5.6.33 आणि 5.7.15 या आवृत्त्यांत ते दुरुस्त झालं. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर बाकी सगळं ठेवा, आधी अपडेट करा.

मग चालू प्रोग्राम दाखवणारी 'पीएस' ही कमांड चालवून डेटाबेस कोणत्या खात्यावर चालतोय ते पाहा. सुरू करणारी स्क्रिप्ट सोडून खुद्द डेटाबेसच्या ओळीत रूट दिसलं तर ते आजच बदला. (पोस्टग्रेसक्यूएल हा दुसरा डेटाबेस रूटवर सुरूच होत नाही, हे फार चांगलं आहे.) सेटिंगच्या फाइलचा आणि तिच्या फोल्डरचा मालक रूट करा, फाइलला परवानगी 644, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला, बाकीच्यांना नुसतं वाचणं. प्लगिनच्या, म्हणजे डेटाबेसला जोडायच्या जादा कोडच्या, फोल्डरमध्येही डेटाबेसच्या खात्याला लिहिता येता कामा नये.

आता डेटाबेसच्या आतली खाती. 'मायएसक्यूएल डॉट यूजर' या टेबलमध्ये 'फाइल', म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली वाचण्या-लिहिण्याचा, अधिकार कुणाकुणाला आहे ते काढा. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला तो सहसा लागत नाही, काढून घ्या. 'सिक्युअर_फाइल_प्रिव्ह' हे सेटिंग रिकामं असेल तर डेटाबेसच्या खात्याला जिथे लिहिता येतं तिथे कुठेही फाइल लिहिता येते. तिथे ठरावीक फोल्डर द्या, किंवा 'नल' ठेवून दार बंदच करा.

या सेटिंगसाठी रीस्टार्ट लागतो; तो बिलांची गर्दी संपल्यावर करा आणि एक बिल छापून बघा.

शेवटी रूटचं क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, नक्की उघडा. त्या कारखान्यात रात्री दोनला चालणारी बॅकअपची स्क्रिप्ट डेटाबेसच्याच फोल्डरमध्ये होती, परवानगी 777, म्हणजे कुणीही तिच्यात लिहावं. माय डॉट सीएनएफ कितीही नीट केली असती, तरी ती वाट उघडीच राहिली असती. स्क्रिप्ट रूटच्या फोल्डरमध्ये हलवली, परवानगी 700, म्हणजे फक्त मालकापुरती, केली आणि मगच घरी निघालो.