सुगंधी तेलांच्या कामात यायचंय? कोल्हापुरातून थोडा अनुभव

बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा बॉटनी झालेली मुलंमुली अधूनमधून माझ्याकडे येतात. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत बाटल्यांची फडताळं बघतात आणि विचारतात, "ताई, अरोमाथेरपीचा कोर्स कुठला करू?" अरोमाथेरपी म्हणजे सुगंधी तेलांनी करायचे उपचार. माझं उत्तर त्यांना फारसं पटत नाही. कोर्स होईल सावकाश, आधी भट्टी बघून या, असं मी सांगते.

आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात गवती चहा लावणारे शेतकरी थोडे असले तरी आहेत. कापणीच्या दिवसांत त्यांच्या भट्टीवर एक दिवस बसा. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. चुलवाणाची धग, अंदाज घेत उभा असलेला गुळव्या आणि घाई करणाऱ्याला मिळणारी शिवी, सगळं ओळखीचं. टाकीत गवत दाबून भरतात, खालून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल वर येतं, थंड नळीतून उतरतं आणि पाण्यावर तरंगतं. 100 किलो ओल्या गवतातून 400-500 ग्रॅम तेल निघालं तर शेतकरी खूश. वाळ्याच्या मुळ्यांना मात्र तासन्‌तास वाफ द्यावी लागते, आणि त्याचं तेल जवळजवळ पाण्याइतकंच जड असल्यामुळे ते वेगळं होतानाही जीव खातं. लवंगेचं तर पाण्याखाली बसतं.

हा हिशोब एकदा डोळ्यांनी पाहिला की बाजारातली निम्मी फसवणूक आपोआप कळते. गुलाबाच्या 1 किलो तेलाला 3 ते 4 टन पाकळ्या लागतात. म्हणजे 10 मिलीच्या बाटलीला 30-40 किलो. आता 'शुद्ध गुलाब तेल' दोनशे रुपयांत देणाऱ्याची बाटली हातात घ्या आणि फुलांचा भाव आठवा. मोगऱ्याचं तेही नाही. त्याचं शुद्ध तेल वाफेवर हाती लागतच नाही म्हणा ना. कनौजचे कारागीर देग-भपक्यावर, म्हणजे तांब्याच्या हंड्यावर आणि सुरईत, तो गंध चंदनतेलात उतरवतात, कारखान्यात विद्रावक वापरून काढतात. अंबाबाईच्या देवळाबाहेर गजरे घेताना 'याचं तेल किती निघेल' असा विचार मनात आला, तर समजा तुम्हाला या कामाची लागण झाली.

भेसळ काही आजची नाही. रोशा गवताला गुलाबासारखा वास, त्याचं तेल खानदेशात काढलं जाई. ते मुंबईहून कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) जायचं आणि तिथून बल्गेरियाच्या गुलाब अत्तरात मिसळलं जायचं. युरोपात त्याला चक्क 'टर्किश जिरॅनियम' म्हणत. आपल्या माळावरचं गवत गुलाब म्हणून फ्रान्समध्ये विकलं गेलं, याचं मला अजूनही हसू येतं. अभिमान वाटावा की लाज, हे ज्याचं त्याने ठरवावं.

इतिहास नवख्यांनी थोडा तरी वाचावा, कारण गिऱ्हाईक तुम्हाला दोन टोकांच्या गोष्टी ऐकवतं. 'हे सगळं आपल्या पूर्वजांचं' हे एक टोक, 'ही परदेशी फॅशन' हे दुसरं. गंधांची विद्या इथली आहे, यात वाद नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध तयार करण्यावर, अख्खा अध्याय आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे बाराव्या शतकात, राजाच्या अभ्यंगाची आणि उटण्यांची सविस्तर वर्णनं आहेत. त्याच काळात आपल्या कोल्हापुरात शिलाहार त्या चालुक्यांचे मांडलिक होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी सुगंधविद्येच्या जुन्या पोथ्यांवर लिहिलं, त्यांतल्या 'गंधवादा'वर तर मराठी टीका आहे. पण या ग्रंथांतली तेलं बहुतेक तिळाच्या तेलात गंधद्रव्यं मुरवून किंवा उकळून केलेली. आजची बाटलीबंद वाफेची तेलं ती नव्हेत, हा फरक लक्षात ठेवा.

'अरोमाथेरपी' हे नाव मात्र फ्रेंच. रेने-मॉरिस गातफोसे हा लियाँजवळचा रसायनतज्ज्ञ, 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला. त्याने जवळच्या लॅव्हेंडर तेलाच्या पिंपात हात बुडवला आणि हात बरा झाला, ही कथा प्रत्येक कोर्समध्ये सांगतात. त्याने स्वतः लिहिलंय ते वेगळं आहे. जखमा चिघळून गँगरीन सुरू झालं, तेव्हा लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर ते थांबलं. 1937 साली त्याचं पुस्तक आलं. पुढे जाँ व्हाल्ने या लष्करी डॉक्टरने औषधाच्या अंगाने ही तेलं वापरली, तर मार्गरिट मोरी यांनी ती पातळ करून मालिशीत आणली. म्हणून एका पुस्तकात तेल पोटात घ्यायला सांगतात आणि दुसऱ्यात त्वचेवरसुद्धा दोन टक्क्यांच्या वर नको म्हणतात. दोन घराणी आहेत ती. नवख्याने दुसऱ्या घराण्यातच राहावं. पोटात घ्यायची तेलं डॉक्टरांवर सोडा.

आता तालमींचा विषय, कारण कोल्हापुरात हे काम करायचं तर पैलवान टळत नाहीत. त्यांना हवं असतं गंधपुरा. लावलं की झणझणलं पाहिजे. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या सख्ख्या नात्यातलं. निलगिरी पर्वतात आणि ईशान्येकडे त्याचं झुडूप होतं, पण बाजारात मिळतं ते बहुतेक कारखान्यात बनवलेलं. 5 मिली, म्हणजे चहाचा एक चमचा तेल पोटात गेलं तर ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्या एकदम घेतल्यासारखं होतं. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरतं. घरात कुणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर त्याला लावूसुद्धा नये. मी वस्तादांना दोन टक्क्यांच्या आसपास पातळ करून दिलं, तेव्हा वास घेऊन म्हणाले, "ताई, पाणी घालून इकताय व्हय?" मी पुदिनाफूल (मेंथॉल) थोडं वाढवलं. गारवा लागला, गडी खूश झाले. खरं सांगायचं तर अर्धं काम मालिश करणाऱ्याच्या अंगठ्याचं असतं. बाटलीला त्याचं श्रेय फुकट मिळतं.

लहान बाळांबाबत तर मी कुणाचंच ऐकत नाही. सर्दी झाली की छातीला, नाकाला निलगिरी किंवा कापूर चोळायची आपल्याकडे सवय आहे. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात आणि निलगिरी तेलाचंही तसंच. आज्जी कितीही रागावल्या तरी 'बाळाला नको' हे दुकानात ठामपणे म्हणता आलं पाहिजे.

केमिस्ट्रीवाल्यांना इथे एक मोठा फायदा आहे, तो त्यांच्या लक्षात येत नाही. कॉलेजात ज्या पोलॅरिमीटरवर साखरेचं द्रावण बघून कंटाळलात, तोच इथे कामाला येतो. खऱ्या लॅव्हेंडर तेलात ध्रुवित प्रकाश डावीकडे वळतो, त्यातल्याच लिनालूल या घटकाचं कृत्रिम रूप घातलं की ते वळणं कमी होतं. पुरवठादाराकडून जीसी-एमएसचा, म्हणजे तेलात कोणते घटक किती आहेत ते दाखवणारा, अहवाल मागायला शिका, आणि अहवालावरचा बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतो का तेही बघा. वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव नसेल तर बाटली परत करा. 'लॅव्हेंडर' म्हणून लॅव्हँडिन ही त्याची संकरित जात सर्रास खपवतात. त्यात कापराचा अंश जास्त, आणि झोपेसाठी तेल मागणाऱ्याला ते देणं बरोबर नाही. घरच्या घरी एक गंमत करून बघा. भीमसेनी कापूर, ओवाफूल (थायमॉल) आणि पुदिनाफूल, तिन्ही कोरडे खडे, एका बाटलीत घालून हलवा. थोड्या वेळात सगळं पातळ होतं. हीच आपली अमृतधारा. वितळणांक का उतरतो, हे ज्याला समजावून सांगता येतं, त्याला मी मदतीला ठेवायला तयार असते.

शिकायचंच असेल तर कनौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात छोटे वर्ग चालतात, लखनौची सीमॅप ही औषधी व सुगंधी वनस्पतींची सरकारी संस्था लागवड आणि ऊर्ध्वपातन शिकवते, आणि अत्तर-प्रसाधनांच्या नोकरीकडे जायचं तर मुलुंडच्या वझे कॉलेजचा अभ्यासक्रम आहे. कुठल्याही प्रमाणपत्राने तुम्ही डॉक्टर होत नाही. नावामागे 'डॉ.' लावणारे मी पाहिलेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्वचेला लावायचं काही विकायला बनवलंत तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा प्रसाधन परवाना लागतो. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात केलीत तर औषधांच्या आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा 1954 चा कायदा आडवा येतो. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणून ती जाहिरात नाही असं होत नाही.

गुण येतो का? काही ठिकाणी येतो. 5 टक्के टी ट्री (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाचं तेल) जेल मुरमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधासारखं उपयोगी ठरलं, फक्त हळू, असं 1990 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसलं. आतड्याच्या तक्रारीवर पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टर देतात. वासाने मन शांत वाटतं हेही खरं. पण कॅन्सर, थायरॉइड असले दावे कानावर आले की उठून जावं.

कमाईचं विचाराल तर सुरुवातीला ती मालिशीतून कमी आणि साबण, अगरबत्ती, केसांची तेलं बनवणाऱ्या छोट्या उद्योगांना मिश्रणं करून देण्यातून जास्त येते. पहिल्या खरेदीत वीस बाटल्या घेऊ नका. गवती चहा, निलगिरी, लवंग, लॅव्हेंडर, वाळा एवढं पुरे, तेही 10 मिलीचं. लिंबू-संत्र्याची तेलं लवकर बिघडतात आणि बिघडलेली त्वचेला खाज आणतात, ती फ्रिजमध्ये ठेवा. ही तेलं ज्यात पातळ करायची त्या मूळ तेलाला लाकडी घाण्याचं तीळतेल उत्तम, फक्त त्याचा स्वतःचा वास जपून. आणि 0.01 ग्रॅमचा काटा आधी घ्या, बाकी सगळं नंतर. थेंब मोजून केलेलं मिश्रण दुसऱ्यांदा तसंच उतरत नाही, कारण निलगिरीचा पातळ थेंब आणि वाळ्याचा घट्ट थेंब वजनाला सारखे नसतात.