मराठी नावांचा ऑनलाइन नकाशा नव्या सिस्टिमवर नेताय? या चुका टाळा

जुन्या पद्धतीचा नकाशा म्हणजे सर्व्हरवर आधीच रंगवून ठेवलेली २५६ बाय २५६ पिक्सेलची चौकोनी चित्रं, म्हणजे टाइल, गावाचं नाव पण त्या चित्रातच छापलेलं. आता सगळे व्हेक्टर टाइलवर चाललेत, सर्व्हर नुसता डेटा पाठवतो आणि रस्ते, नद्या, नावं हे सगळं तुमच्या मोबाइलमधला ब्राउझर काढतो. भारी आहे, एकाच टाइलमधनं मराठी, कन्नड, इंग्रजी हवं ते नाव दाखवता येतं. पण मराठी अक्षरं नीट जुळवायचं काम पण सर्व्हरकडनं ब्राउझरकडं गेलं, हे कोणी बघतच नाही आणि निम्मी बोंबाबोंब तिथनंच सुरू होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंग्रजीत नकाशा चकाचक दिसला की लगेच जुना सर्व्हर बंद करणं. थांबा की जरा! आधी मिरज, विटा, शिराळा, कृष्णा, सज्जनगड, कऱ्हाड एवढी नावं झूम करून बघा. ब्राउझरमध्ये व्हेक्टर नकाशा काढणारी मॅपलिब्रेसारखी लायब्ररी फॉन्टचे २५६ अक्षरांचे तुकडे मागवते (देवनागरीचा तुकडा २३०४ ते २५५९) आणि एकेक अक्षर शेजारी शेजारी मांडत जाते, जोडाक्षर जुळवणं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं हे ती स्वतःहून करत नाही. मग मिरजेतली वेलांटी म सोडून र च्या डोक्यावर जाऊन बसते आणि कृष्णाचा पाय मोडून ष वेगळा ण वेगळा. जुन्या सर्व्हरवर नकाशाची चित्रं बनवणारं मॅपनिक होतं, ते हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरून हे सगळं गुपचूप करत होतं, म्हणून कधी प्रश्नच आला नाही.

इथं लोक काय करतात तर फॉन्ट बदलत बसतात, नोटो लावून बघ, मुक्ता लावून बघ, आणि दिवस घालवतात. आधी लक्षण ओळखा राव. नावं अजिबातच दिसत नसतील तर ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा, तो २३०४-२५५९ वाला तुकडा ४०४ (फाइल सापडली नाही) देत असेल, म्हणजे सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच तयार केलेला नाही. सर्व्हरवरच चित्र बनत असेल आणि नावाच्या जागी चौकोन दिसत असतील तर नकाशाचं सॉफ्टवेअर ज्या डब्यात चालतं त्या डॉकर कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट टाकायचा राहिलाय. आणि अक्षरं सगळी आहेत पण मोडकी आहेत, तर प्रश्न जुळवणीचा, फॉन्ट कितीही बदला काही होत नाही.

त्यावर उपाय? जिल्ह्यापुरता नकाशा असेल तर मी सरळ ओपनलेअर्स ही दुसरी नकाशा लायब्ररी घ्या म्हणेन. ते अक्षरं स्वतः न मांडता ब्राउझरकडनंच काढून घेतं त्यामुळं मराठी बरोबर येतं, आणि तुमची मॅपलिब्रेची स्टाइल फाइल (रंग, जाडी, फॉन्ट ठरवणारी) ओएल-मॅपबॉक्स-स्टाइल हे जोड-पॅकेज लावून बरीचशी तशीच चालते. मोठा नकाशा असेल आणि मॅपलिब्रेच पाहिजे असेल तर नकाशा व्हेक्टर ठेवा आणि नावांचा थर मात्र मॅपनिकवर बनवून पारदर्शक चित्रांचा वर टाका. जुनाट वाटतं, पण चालतं.

मात्र हे चित्रांचं फक्त नावांपुरतं आणि आपल्या भागापुरतंच करा. दर भाषेला अख्खा वेगळा संच बनवायला गेलात तर झूम १४ लाच पूर्ण जगाच्या टाइल २६ कोटी ८४ लाखांवर जातात, त्याला भाषांनी गुणा. उलटी चूक पण होते, डेटात आहेत तेवढ्या सगळ्या भाषा टाइलमध्ये कोंबायच्या. मुंबई-दिल्लीसारख्या शहरांना ढीगभर भाषांत नावं असतात, मग झूम आउट करून बघताना नकाशा जड होतो. व्हेक्टर टाइल बनवणारं टिपेकॅनो एका टाइलला ५०० केबीची मर्यादा लावतं ते काय उगाच नाही. आपल्याकडं मराठी, इंग्रजी, हिंदी आणि कन्नड बास झालं. कन्नड कशाला असं विचारणाऱ्यानं एकदा जत तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांत जाऊन यावं.

आता नाव कुठनं उचलायचं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर गावाला नेम:एमआर हा मराठी नावाचा टॅग नसेल आणि पर्याय दिलेला नसेल तर गाव नकाशावरनं गायबच होतं. स्टाइलमधलं कोअलेस (पहिलं जे सापडेल ते घेणारं) वापरून आधी मराठी, नाहीतर साधं नेम, असा क्रम लावा. त्यात पण एक गोम आहे, इम्पोर्ट करताना टॅग नसल्यावर रिकामी स्ट्रिंग भरली असेल तर कोअलेसला ते नावच वाटतं आणि गाव पुन्हा गायब. मधे हिंदी घुसवू नका, लिपी एकच असली तरी कोल्हापूरचं कोल्हापुर होतं. आणि इंग्रजीवरनं आपोआप देवनागरी करणारं टूल तर नकोच नको, पाटणचं पतन, वाईचं वाय, जतचं जाट आणि माण तालुक्याचं मॅन व्हायला वेळ लागत नाही.

सर्चचा घोळ वेगळाच. कऱ्हाडमधला ऱ कोणी एकाच अक्षरानं टाइप करतो, कोणी र ला खाली नुक्ता (टिंब) देऊन, कोणी र, हलंत आणि मधे न दिसणारा जोडक टाकून. डोळ्याला सगळं सारखंच, कॉम्प्युटरला तीन वेगळी गावं. युनिकोडचं एनएफसी (सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची पद्धत) लावलं की पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, त्याला स्वतःचा नियम लिहावा लागतो. वर कराड असं लिहिणारे पण आहेतच, ते पर्यायी नाव म्हणून टाका. आणि निकालात तालुका-जिल्हा दाखवा, नाहीतर साताऱ्याजवळचं हायवेवरचं नागठाणे शोधणारा माणूस पलूस तालुक्यातल्या बालगंधर्वांच्या नागठाण्याला जाऊन पोचायचा.

बाकी किरकोळ. ओपनस्ट्रीटमॅपचा फुकटचा टाइल सर्व्हर जड ट्रॅफिकला वापरू नका आणि त्यावरनं घाऊक डाउनलोड तर अजिबात करू नका, ब्लॉक करतात. कोपऱ्यात त्यांचं श्रेय लिहा. देशाची हद्द सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणेच दाखवा, ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटातली काश्मीरकडची रेघ तशीच सोडली तर कायद्याच्या भानगडीत पडाल, त्यामुळं हद्दीचा थर वेगळा बनवा. जुना आणि नवा सर्व्हर काही आठवडे बरोबरच चालू द्या आणि वर दिलेली नावं साध्या स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर पण बघा, ऑफिसच्या लॅपटॉपवर सगळंच छान दिसतं.