यांगत्सेच्या घळयांमधून क्रूझ करायचीय? मग आधी एवढं बघून घ्या

आम्ही नोव्हेंबरात चीनला जाऊन यांगत्सेची क्रूझ करून आलो, मी, बायको आणि आई-बाबा. आल्यापासून ओळखीतले सगळे तेच तेच विचारतायत, बुकिंग कसं केलं, दिसतं काय, खाण्याचं काय केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे क्रूझ चार दिवसांची असली तरी थ्री गॉर्जेस, म्हणजे त्या तीन घळया (शाळेच्या भूगोलात घळई होती ना, तीच) डोळ्यासमोर असतात त्या काही तासच. चोंगछिंग ते यिचांग साधारण साडेसहाशे किलोमीटर, त्यातली छूथांग घळई जेमतेम ८ किलोमीटरची, तुम्ही चहा घेऊन वर येईपर्यंत ती संपलेली असते. वू घळई ४५च्या आसपास आणि शीलिंग सगळ्यात लांब पण जरा मोकळी. बाकी सगळा वेळ नुसती रुंद नदी, मालवाहू बोटी, पूल आणि दोन्ही काठांना उंचावर उभ्या कोऱ्या इमारती. म्हणून आदल्या रात्री रिसेप्शनवर जाऊन विचारायचं की उद्या छूथांगला किती वाजता पोचणार, आणि त्याच्या अर्धा तास आधी जॅकेट घालून वरच्या डेकवर जागा पकडायची. अनाउन्समेंटच्या भरवशावर राहू नका, आमच्या बोटीवर चिनीत पाच मिनिटं आणि इंग्लिशमध्ये एक वाक्य असा हिशोब होता.

दिशा कोणती घ्यायची? चोंगछिंगहून खाली यिचांगकडे आलात तर तीन रात्री, उलटं प्रवाहाविरुद्ध गेलात तर बहुतेक चार. सोबत वयस्कर माणसं असतील तर खाली येणारीच घ्या, आणि चोंगछिंगला एक दिवस आधी पोचा कारण ते शहर स्वतःच एक प्रकरण आहे, तिथे मेट्रो चक्क रहिवासी बिल्डिंगच्या पोटातून जाते.

महिना निवडताना हवेइतकंच पाण्याकडे बघा. यिचांगच्या वर नदीवर थ्री गॉर्जेस धरण आहे, त्याची पातळी वर्षभर वरखाली होत असते, पावसाळ्यात पुरासाठी जागा ठेवायची म्हणून १४५ मीटरपर्यंत उतरवतात आणि पाऊस संपला की हळूहळू १७५ पर्यंत भरत नेतात. म्हणजे ३० मीटरचा फरक, दहा मजली बिल्डिंगएवढा. पाणी उतरलेलं असलं की कडे जास्त उंच वाटतात पण खाली मातीचा उघडाबोडका पट्टा दिसतो आणि बोटीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या, भरलेलं असलं की चढउतार कमी. बाबांच्या गुडघ्यांमुळे आम्ही नोव्हेंबर घेतला, तेव्हा वू घळईत पानं लाल व्हायला लागलेली असतात, धुकं मात्र नशिबावर. जुलै-ऑगस्टला चोंगछिंग म्हणजे भट्टी, आणि १ ऑक्टोबरचा आठवडा तर अजिबात नको, तेव्हा अख्खा चीन सुट्टीवर असतो.

आता त्या कोऱ्या इमारतींचं. धरणाचं काम १९९४ ला सुरू झालं, २००३ मध्ये पाणी भरायला लागले आणि २०१० ला पातळी पहिल्यांदा १७५ वर पोचली. ह्यात साधारण १३ लाख माणसं हलवली. गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि त्याच नावाची नवी गावं वर डोंगरावर बांधली. वू घळईजवळच्या वुशान गावाहून छोट्या बोटीने फिरवतात, तिथे आमच्यासोबत एक आजोबा होते, नातवाला काठाकडे नाही तर पाण्याकडे बोट करून काहीतरी दाखवत होते. मोबाईलवर ट्रान्सलेट करून विचारलं तर उत्तर आलं, शाळा. बस एवढंच. आमचं आजोळ इंदापूरकडचं, उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ते बघायला आम्ही लहानपणी जायचो, त्यामुळे आईला ते लगेच कळलं, ती बराच वेळ पाण्याकडेच बघत बसली. इथे मात्र पातळी १४५ च्या खाली जात नाही, त्यामुळे खालचं ते खालीच.

बुकिंग करताना काय विचारायचं ते नीट लक्षात ठेवा, कारण आम्ही इथेच फसलो. एजंटने सांगितलं होतं की धरण पार करताना बोट पाच टप्प्यांच्या लॉकमधून (दारं बंद करून पाण्याची पातळी कमी-जास्त करायचे मोठे हौद) पायऱ्या उतरल्यासारखी खाली जाते, बाबा इंजिनियर, ते त्यासाठीच आले होते म्हटलं तरी चालेल. प्रत्यक्षात आमची बोट धरणाच्या अलीकडे माओपिंगला थांबली आणि पुढे बसने यिचांग. बऱ्याच क्रूझ हल्ली तिथेच संपतात, म्हणून लेखी विचारा की शेवट माओपिंगला की यिचांगला. जहाजांची लिफ्टपण आहे, २०१६ ला सुरू झाली, ३००० टनांपर्यंतचं जहाज पाण्याच्या टबासकट शंभरेक मीटर वर उचलते, पण मोठी क्रूझ त्यात मावत नाही, वेगळ्या छोट्या बोटीत बसवतात आणि त्याचं तिकीट असलं तर वेगळं. दुसरा प्रश्न, उतरून बघायच्या जागांपैकी कुठल्या पैशात धरल्यात आणि कुठल्या जास्तीच्या.

जागांबद्दल माझं मत विचाराल तर फेंगदूचं भुतांचं शहर सोडलं तरी चालेल, पायऱ्या भरपूर आणि रंगवलेली भुतं बघून हसूच येतं. शिबाओझाई बघा, कड्याला टेकवून बांधलेला १२ मजली लाल लाकडी मनोरा, धरणाचं पाणी आत येऊ नये म्हणून भोवती भिंत घातलीय, आता ते बेटच झालंय. वुशानहून दानिंग नदीत छोट्या बोटीने नेतात ते तर चुकवूच नका, मोठ्या घळयांपेक्षा कडे तिथे जवळ येतात.

आणि हो, १० युआनची एक नोट सुट्टी ठेवा. छूथांगच्या तोंडाशी जे दोन कडे दरवाजासारखे उभे आहेत ते नोटेच्या मागच्या बाजूला छापलेत. तिथे पोचल्यावर अख्खा डेक हात वर करून नोट आणि डोंगर जुळवत असतो, वाऱ्याने एका काकूंची नोट उडाली आणि गेली नदीत, सगळे त्यांच्याकडे बघून हसले मग त्यापण हसल्या.

खाणं. बुफेमध्ये भात, भाज्या, टोफू, अंडी मिळतात, उपाशी नाही राहणार, पण भाजीत चिकन पावडर किंवा डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे पक्के शाकाहारी असाल तर चिनी भाषेत एक चिठ्ठी मोबाईलमध्ये ठेवा, त्यात "चरबी नको, मांसाचं पाणी नको" असं सगळं स्पष्ट लिहून घ्या, नुसतं व्हेज म्हणून उपयोग नाही. आमची मेतकूट-भात पार्टी रोज रात्री चालायचीच. तिथला तो जीभ बधिर करणारा मिरीसारखा मसाला म्हणजे आपल्या तिरफळाचा चुलतभाऊ आहे, बायको मालवणची, तिने वासावरूनच ओळखला आणि पाव किलो बांधून घेतला.

बाकी पटापट सांगतो. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, वेळ हाताशी ठेवून करा. भारतातून चीनची थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबरपासून परत सुरू झालीत. अलीपे किंवा वीचॅट, म्हणजे तिथली मोबाईलवरून पैसे द्यायची अ‍ॅप, घरूनच टाकून कार्ड जोडून ठेवा, तिथे भाजीवालासुद्धा क्यूआर दाखवतो. गुगल, व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर चालत नाही, आपलं रोमिंग घेतलं तर चालतं, आमचं चाललं. ट्रान्सलेटचं ऑफलाईन चिनी डाउनलोड करा. केबिन बाल्कनीवाली आणि इंजिनपासून लांब मागा, पैसे जास्त गेले तरी.

यिचांगहून पुढची हायस्पीड ट्रेन बोट संपल्यावर किमान चार-पाच तासांनंतरची घ्या, धुक्यामुळे बोट लेट होते, आणि स्टेशनवर सामान एअरपोर्टसारखं तपासतात. सुरी, कात्री, स्प्रेचे डबे बॅगेत ठेवू नका, बाबांचा दाढीच्या फोमचा नवा कोरा डबा तिथेच राहिला आणि पुढचे तीन दिवस ते साबण लावून दाढी करत होते.