मृगाच्या पावसाआधी पन्हळीची सफाई

खान्देशात कडुनिंबाची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडी होते आणि वैशाखातल्या वावटळी तिच्यावर मातीचा थर चढवतात; म्हणून पत्र्याच्या छपराची पन्हळ मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आठवडाभर साफ करणे सर्वांत उपयोगाचे ठरते. ५० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर पन्हळीतून सुमारे १,००० लिटर पाणी वाहून जावे लागते. वाट तुंबलेली असेल, तर तेच पाणी भिंतीत मुरते, आणि जुन्या मातीच्या भिंतीला ते फारच घातक असते. पत्रा तापण्यापूर्वी, सकाळीच, खाली कोणीतरी शिडी धरलेली असताना, जाड हातमोजे घालून कचरा उचलावा आणि घमेल्यात भरावा. तो पाण्याने ढकलू नये, कारण उभ्या पाइपच्या तोंडाशी त्याचा बोळा बसतो. नंतर बादलीभर पाणी ओतून पाहावे. ते मध्येच साचत असेल, तर आधाराच्या पट्ट्या खालीवर करून दर ३ मीटरला साधारण १ सेंटीमीटर उतार द्यावा. पन्हळ पीव्हीसीची असल्यास सांधे अवश्य तपासावेत. आपल्याकडच्या कडक उन्हात ती प्रसरण पावते आणि सांधे सैल होतात. पाइपच्या तोंडावर जाळी बसवावी, मात्र पहिल्या दोन-तीन पावसांनंतर तीही झाडून घ्यावी.