गोल्फमध्ये दंडाचे फटके कसे मोजावेत

मारलेले फटके अधिक दंडाचे फटके म्हणजे तुमचा स्कोअर. चेंडू मारायला क्लब (गोल्फची काठी) फिरवला आणि चेंडू हुकला, तरी तो फटका धरायचा. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडूला चुकून धक्का लागला, तर दंड नाही. चेंडू मूळ जागी ठेवा आणि खेळा.

बहुतेकांचा हिशोब चुकतो तो चेंडू हरवल्यावर किंवा हद्दीबाहेर गेल्यावर. ‘दोन फटके लिही आणि पुढे चल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. दंड एकच फटक्याचा असतो, पण आधीचा फटका जिथून मारला तिथूनच पुन्हा खेळावं लागतं. टीवरचा (होलच्या सुरुवातीच्या जागेवरचा) पहिला फटका बाहेर गेला, तर तो १, दंड २, आणि टीवरून पुन्हा माराल तो तिसरा. काही मैदानांवर मागे न जाता २ फटके दंड घेऊन पुढे चेंडू ड्रॉप करता येतो, म्हणजे हातातून खाली सोडून तिथून खेळता येतो (मग पुढचा फटका चौथा), पण तिथे तसा स्थानिक नियम लागू असेल तरच.

चेंडू सापडेल की नाही अशी शंका असेल, तर पुढे जाण्याआधीच दुसरा चेंडू मारा आणि ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) हा शब्द स्पष्ट उच्चारा. मी एकदा नुसतं ‘आणखी एक मारतो’ म्हणालो होतो. पुढे पहिला चेंडू फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) दिसला आणि मी आनंदाने तोच खेळलो. पण प्रोव्हिजनल न म्हटल्यामुळे दुसरा चेंडू मारताक्षणीच पहिला बाद झाला होता. म्हणजे मी चुकीचा चेंडू खेळलो होतो आणि त्याचे आणखी २ फटके दंड. त्या चेंडूवर मारलेला फटका मोजत नाहीत, म्हणून टीवरचे ३ अधिक २ असे ५ झाले आणि दुसऱ्या चेंडूवरचा माझा पुढचा फटका सहावा ठरला. चूक न सुधारता पुढच्या होलचा पहिला फटका मारला असता, तर स्पर्धेतूनच बाद झालो असतो. शोधायला ३ मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी ५ मिळायची, आणि जुने खेळाडू अजून तेच सांगतात.

पाण्यात गेला तर १ फटका दंड. पाण्याभोवती लाल खुणा असतील, तर चेंडूने त्या खुणांची कड शेवटची जिथे ओलांडली तिथून दोन क्लबच्या लांबीइतक्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करा. चेंडू बुडाला ती जागा धरू नका. पिवळ्या खुणांना ही बाजूची सवलत नाही.

स्कोअरकार्डावर सही करण्यापूर्वी प्रत्येक होलचा आकडा तपासा. १९६८च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाचे गोल्फपटू रोबेर्तो दे विसेन्सो यांच्या कार्डावर १७व्या होलला ३ऐवजी ४ लिहिले गेले. त्यांनी सही केली, त्या फेरीचे खरे ६५ असूनही ६६ फटके कायम राहिले आणि प्लेऑफ (बरोबरी झाल्यावरचा निर्णायक खेळ) एका फटक्याने हुकला. आकडा कमी लिहिला गेला असता, तर ते थेट बाद ठरले असते.