विजापूर-बदामीकडे निघालात? आधी द्राक्षांचा महिना विचारा, आणि या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली की आमचा फोन सुरू होतो. "गोकाक, बदामी, विजापूर, आणि जाता जाता एखादी वायनरी. दोन दिवसांत बसेल ना?" बेळगावातून मी वीसेक वर्षं सहलीच्या गाड्या पाठवतो, निम्म्या फेऱ्यांना स्वतः जातो. हा प्रश्न आला की मी आधी चहा मागवतो, कारण पुढचा अर्धा तास मला "नाही" म्हणण्यात घालवायचा असतो.

लोकांचा घोळ मुळात या मुलखाबद्दलच असतो. बेळगावात छत्री, हिरवळ, थंडी. तशीच गंमत पुढेही असेल असं वाटतं. पण घटप्रभा आणि मलप्रभा सह्याद्रीत भरून घेतात आणि पूर्वेला उतरतात ती ज्वारी-बाजरीच्या कोरड्या रानात. ढग घाटावरच रिकामे झालेले असतात. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, खानापूर तालुक्यात, जिथं जुलैत कपडे वाळत नाहीत. तीच नदी बदामीच्या बाजूला जाते तेव्हा काठावर बाभळी आणि तांबडा दगड. नदीला पाणी आणि आभाळ कोरडं, म्हणून तर इथं द्राक्ष येतं. हे एवढं डोक्यात बसलं तर खालच्या निम्म्या चुका होणार नाहीत.

चूक पहिली: दिवाळीत द्राक्षबाग बघायला जाणं

ही माझी लाडकी चूक. लाडकी अशासाठी की मी स्वतःच ती एकदा घडू दिली.

सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याची अकरा माणसं होती. वाईनच्या रंगाच्या साड्या, गवताच्या टोप्या, फोटोंची सगळी तयारी. तिकोट्याच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्याची बाग. मी फोनवर "येतो" एवढंच म्हणालो, महिना कुठला ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही. गाडीतून उतरलो तर समोर लोखंडी अँगल, तारा आणि नागड्या काड्या. पान नाही, घड तर सोडाच. चार दिवसांपूर्वीच ऑक्टोबर छाटणी झालेली. शेतकरी कपाळाला हात लावून म्हणाला, "अण्णा, ईग द्राक्षी इल्ल." आता द्राक्षं नाहीत. ते भाषांतर करून सांगायचं काम माझ्यावर.

तोवर मंडळींनी काड्यांतच फोटो काढायला सुरुवात केली होती. त्या दिवशी पेस्ट लावायचं काम चालू होतं. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. बायका हातमोजे घालून, फडकं बुडवून एकेक काडी पुसत होत्या. एका काकांनी त्यातल्याच ओल्या काडीला मिठी मारून पोज दिली, आणि त्यांच्या नातवानं ती मुठीत धरली. शेतकऱ्याची बायको अशी ओरडली की रस्त्यावरचा ट्रॅक्टरवाला थांबला. मुलाचे हात तिनं हौदावर साबण लावून तीनदा धुतले. काकांना शर्ट काढायला लावला. आणि मग शेतकऱ्यानं शांतपणे सांगितलं की हे औषध अंगाला लागलेल्या माणसानं पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. हे खरं आहे, बागेत पेस्ट लावणारा प्रत्येक गडी ते जाणतो. वाईन प्यायला पुण्याहून आलेले काका त्या रात्री विजापूरच्या हॉटेलात ताक पीत बसले. माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: द्राक्ष बघायचं असेल तर फेब्रुवारी किंवा मार्च. एप्रिलच्या सुरुवातीलाही मिळतं, पण ऊन सोसायची तयारी हवी. एप्रिल सरता सरता खरड छाटणी, पुन्हा काड्याच. आणि बागेत काहीही तोडून तोंडात टाकायचं नाही. मालावर कधी काय फवारलंय ते मालकालाच माहीत. तो स्वतः घड कापून देईल तोच खायचा, आणि तो देतोच, मागायचीही गरज पडत नाही.

दुसरी तिचीच बहीण: इथं नाशिक शोधणं

कर्नाटकानं २००७ साली द्राक्ष प्रक्रिया आणि वाईनचं धोरण आणलं, त्यात 'कृष्णा खोरं' असा पट्टा धरला. कागदावर ते वाचून लोक येतात आणि रस्त्याला लागूनच टेस्टिंगचं टेबल, वर छत्री, शेजारी चीज अशी अपेक्षा धरतात. बाबांनो, या पट्ट्यातलं बहुतेक द्राक्ष बाटलीत जात नाही, बेदाण्यात जातं. वायनऱ्या थोड्या, आणि पाहुण्यांसाठी दार उघडं ठेवतीलच असं नाही. मी आठवडाभर आधी फोन करतो, आदल्या संध्याकाळी करतो आणि त्या दिवशी अथणी सोडताना पुन्हा करतो. तीन फोन जास्त वाटतात त्यांनी एकदा बंद गेटसमोर अकरा माणसं उभी करून बघावीत.

त्यापेक्षा बेदाण्याचं शेड बघा म्हणून मी गळ घालतो, आणि लोक नाक मुरडतात. "मनुके काय बघायचे?" अहो, तेच तर बघायचं असतं. घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणासारखा थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग जाळ्यांच्या थरांवर थर, वर छप्पर, चारही बाजू मोकळ्या. पंधरा दिवसांच्या आसपास वारा आपलं काम करतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. वरच्या जाळीवर हात फिरवला तर खालच्या जाळ्यांवर टपटप आवाज येतो, वाळलेला माल सुटून पडल्याचा. सोनेरी रंगासाठी गंधकाची धुरी देतात. त्या वेळी मात्र शेडात शिरायचं नाही, दम्याचा माणूस तर लांबच ठेवायचा.

गोकाक मे महिन्यात

धबधबा ५२ मीटरचा, फोटोत घोड्याच्या नालासारखा, तांबूस पाण्यानं भरलेला. तो फोटो ऑगस्टचा असतो. मेमध्ये जाल तर तोच नाल कोरडा, खाली दगड आणि मधून एक दोरीएवढी धार. घटप्रभेचं पाणी वर हिडकल धरणात अडतं, त्यातलं काही विजेसाठी वळतं. कोरड्या दिवसांत कड्यावरून पडायला काय उरणार? मुंबईच्या एका गृहस्थांनी मला पैसे परत मागितले होते. मी म्हटलं, पाणी माझ्या गाडीत नव्हतं.

माझी सवय सांगतो. गोकाकला जायचं की नाही हे मी गोकाकचं आभाळ बघून ठरवत नाही. आंबोली-चंदगडकडे चार दिवस झोडपलं का ते विचारतो, धरणातून सोडलंय का ते विचारतो. गोकाकला लख्ख ऊन असतं आणि धबधबा गर्जत असतो, असे दिवस मी कितीतरी पाहिलेत. झुलता पूल बंद असेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. आणि कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी काढणाऱ्याला मी गाडीत परत घेत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पावसाळ्याची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभा चढली आणि पट्टदकलच्या देवळांच्या आवारात पाणी शिरलं. म्हणून पुराच्या बातम्या असतील तर त्या बाजूला हट्टानं जाऊ नका.

किलोमीटर मोजून दिवस ठरवणं

बदामीहून पट्टदकल वीस-बावीस किलोमीटर, तिथून ऐहोळे आणखी तेरा-चौदा. नकाशात तिन्ही बोटभर अंतरावर, म्हणून लोक एका सकाळीत उरकायला बघतात आणि दुपारी विजापूर धरतात. परिणाम असा की ऐहोळ्यात गाडी दुर्गामंदिरासमोर थांबते, फोटो होतात, आणि टेकडीवरच्या मेगुतीच्या देवळाकडे कुणी चढतच नाही. "वर काय आहे?" वर रविकीर्तीचा शिलालेख आहे, इसवी सन ६३४ चा. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यानं उत्तरेच्या हर्षाला हरवल्याचं त्यात आहे, आणि ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचं राज्य त्याला मिळाल्याचंही. मराठी माणूस चारशे किलोमीटर येतो आणि आपलं नाव कोरलेल्या दगडाच्या खालून वळून जातो. मला हे बघवत नाही. बदामीला मुक्काम करा, उजाडताच गुंफा करा, उन्हं चढायच्या आत मेगुती. बदामीत हातात खाऊची पिशवी नको, माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत.

गोल घुमट तिसऱ्या दिवशी, आणि दार उघडतं त्याच वेळेला. ४४ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखालच्या सज्ज्यात कुजबूज पलीकडे ऐकू जाते ही त्याची किमया. अकरा वाजता शाळांच्या सहली आल्या की तिथं फक्त किंचाळ्या घुमतात. शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं.

बाकीच्या चुका एकेका ओळीत. खानावळीत बसून पनीर मागू नका, कडक भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, आणि शेंगाचटणी खा. करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, गोकाकला किंवा अमीनगडला घ्या, हायवेवरच्या टपरीतलं नको. वाईनची बाटली घेऊन महाराष्ट्राची हद्द ओलांडणार असाल तर एक्साइजचे नियम आधी विचारा, नाक्यावर गयावया करून काही होत नाही. सांगलीचे पाहुणे असतील तर आलमट्टी धरणावर तासभर जास्त धरा. तिथली बाग बघून त्यांचं समाधान होत नाही, सांगलीच्या पुराचा दोष धरणाला देत ते भिंतीकडे रागानं बघत उभे राहतात.

आणि जुने मोजे सोबत ठेवा. कूडलसंगमच्या देवळात, पट्टदकलच्या विरूपाक्षात चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि मार्चच्या दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली मोज्यांची एक पिशवीच असते. धुतलेले असतात, तरी लोक आधी नको म्हणतात. चार पावलं टाकून परत येतात.