अफामेलानोटाइडचं इम्प्लांट घेणार असाल तर

जर्मनीत त्वचारोग विभागात मी नर्स आहे. ईपीपी (एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया, प्रकाश न सोसणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार) असलेल्या रुग्णांना ऊन अक्षरशः भाजतं. दृश्य प्रकाशही सोसत नाही, म्हणून साधं सनस्क्रीन पुरत नाही. त्यांच्यासाठी युरोपात 2014 पासून अफामेलानोटाइड या औषधाला मान्यता आहे: 16 मिलिग्रॅमची बारीक कांडी, कमरेच्या हाडाच्या वर, त्वचेखाली, दोन महिन्यांनी एकदा.

येण्याआधी अंगावरच्या तिळांचे फोटो काढून ठेवा. या औषधाने त्वचा गडद होते आणि तिच्याबरोबर तीळही, मग जुना कोणता, बदललेला कोणता, कळत नाही. दर सहा महिन्यांनी पूर्ण त्वचा तपासून घ्या. थोडी मळमळ होऊ शकते. अंगभर कपडे मात्र सोडू नका.

गोरेपणा घालवायला ऑनलाइन मिळणारं मेलानोटान-2, स्प्रे असो वा इंजेक्शन, कृपा करून घेऊ नका. त्याला औषध म्हणून मान्यताच नाही.